कुमुदताईंनी ऐकलेलं

कुमुदताई राऊतांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून उभ्या होत्या.

वसईला, स्टेशनच्या पश्चिमेला, आमच्या मोबाइल कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र नुकतंच उघडलं होतं. काचेचं दार, गार हवा, प्लॅस्टिकची फुलझाडं, आणि आम्हा सगळ्यांना निळे शर्ट. मी त्या दिवशी कामावर रुजू व्हायला गेले होते. दार ढकलून आत आले तर काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ फोनवर आकडे दाबत बसलेले, आणि त्यांच्यासमोरची बाई चक्क भिंतीकडे तोंड करून उभी. साडीवर निळं जाकीट, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. मला वाटलं, काहीतरी वाजलं दोघांचं. तेवढ्यात म्हातारे म्हणाले, "झालं बाई." तशी ती बाई वळली आणि हसून म्हणाली, "आता हा आकडा तुम्हीच लक्षात ठेवा. विसरलात तर मला विचारू नका. मी पाहिलेला नाही."

फोनला कुलूप लावायचा आकडा होता तो. आम्ही बाकीचे सर्रास गिऱ्हाइकाच्या हातातून फोन घेऊन तो आकडा टाकून द्यायचो, आणि गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कुमुदताई मात्र दर वेळी उठून उभ्या राहायच्या आणि पाठ फिरवायच्या. दिवसातून कितीही वेळा, गुडघे दुखत असले तरी.

त्या सरकारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी ऑपरेटर होत्या, हाताने जोडायच्या एक्स्चेंजमध्ये. त्या काळी फोन उचलला की आधी बाईचा आवाज यायचा, "नंबर?" आपण सांगायचा, आणि ती वायरीचं टोक एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचायची तेव्हा बोलणं व्हायचं. परगावचा फोन असेल तर त्याची आधी नोंद करायची आणि वाट पाहत बसायचं. अख्ख्या गावाचं बोलणं अशा चार-पाच बायकांच्या हातांतून जायचं. लाइन नीट लागली की नाही हे पाहायला त्यांना मध्ये कान द्यावाच लागे. म्हणजे कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचं मोडतंय, कोण आजारी आहे, कोणाची वाडी विकायला निघाली आहे, हे सगळं त्यांच्या कानांवरून जायचं. पुढे यंत्रं आली, बायका दुसऱ्या कामांवर गेल्या. निवृत्तीनंतर कुमुदताईंना आमच्या कंपनीने बोलावून घेतलं ते आम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, हे शिकवायला. नोकरी कराराची, दर वर्षी नव्याने सही करायची.

त्या वसईजवळच्या नंदाखाल गावच्या. भावाच्या घरी राहत. केळी-नारळाची वाडी, घरात भाचरं, दारात शेवंती. सकाळी एसटीने यायच्या. भावाचा फोन आला की त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन विरारला फुलपाड्यात आलेली, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. हिवाळ्यात त्यांच्या डब्यात सुकेळी असायची, वाडीतल्या राजेळी केळ्यांची, सोलून उन्हात वाळवलेली. मधासारखा रंग आणि चवही जवळजवळ तशीच. डबा फिरवून झाला की त्या शेवटची फोड स्वतः खायच्या आणि बोटं चाटायच्या, लहान मुलीसारख्या.

उजव्या बाजूला मान किंचित कललेली असायची त्यांची. एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं एकाच कानाला ऐकायचा कर्णा लावून बसल्याने पडलेली सवय. चेहरे लक्षात राहत नसत, आवाज मात्र पक्के. एखादा माणूस वर्षाने यायचा, त्या त्याच्याकडे अनोळखी नजरेने बघायच्या, आणि त्याने तोंड उघडलं की म्हणायच्या, "आज आवाज बसलाय तुमचा. पाणी देऊ?" त्यांचा स्वतःचा आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर सुटं यायचं. शेजारच्याशी बोलतानाही नागपूरच्या माणसाला ऐकू जावं असं त्या नीट बोलायच्या.

आम्हाला शिकवताना त्या स्वतः गिऱ्हाईक व्हायच्या. कधी चिडलेल्या सासूबाई, कधी बहिरे आजोबा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पण एक गोष्ट त्या हसत सांगत नसत. एकदा मी शिकवणीच्या वेळी त्यांना विचारलं, "हा सारखा सारखा लागलेला नंबर कुणाचा आहे, मॅडम?" त्यांनी सासूबाईंचं सोंग तिथल्या तिथे सोडलं.

"ते तुला कशाला हवं?"

"बिल एवढं कसं आलं ते सांगायला."

"बिल किती वेळ बोललं त्यावर येतं. कुणाशी बोललं त्यावर येत नाही. विचारायचं असेल तर वेळ विचार."

गिऱ्हाईक आपणहून सांगू लागलं तरी त्या मध्येच हात वर करायच्या. "एवढं मला नको. फोन लागत नाही, एवढं पुरे." आणि गंमत म्हणजे अशा बाईला लोक जास्तच सांगायचे. आम्ही तर सगळेच. केंद्रात नऊ-दहा जण होतो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण जेवणाच्या सुट्टीत कधी ना कधी कुमुदताईंशेजारी खुर्ची ओढून बसलेला असतो. कोणी काय सांगितलं ते दुसऱ्याला कधीच कळलं नाही. मीही एकदा बसले होते. काय सांगितलं ते इथे लिहायचं कारण नाही. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेवून घे." दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी वागल्या त्या काहीच ठाऊक नसल्यासारख्या, आणि त्याने मला जितकं बरं वाटलं तितकं कुणाच्या धीराच्या शब्दांनी वाटलं नसतं.

आपल्या एक्स्चेंजमधल्या दिवसांचा एकही किस्सा त्यांनी आम्हाला सांगितला नाही. आम्ही मागे लागायचो. "ताई, एखादं तरी सांगा, नाव न घेता." त्या म्हणायच्या, "नाव न घेतलं तरी गोष्ट ज्याची त्याचीच असते." जो एक किस्सा मला कळला तो सांगितला सावेकाकांनी. सावेकाका जुने लाइनमन, कुमुदताईंच्या बरोबरीचे. ते बिल भरायला आले होते. कुमुदताई त्या दिवशी रजेवर होत्या.

"या बाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं," सावेकाका म्हणाले. "मुलगा सफाळ्याकडला. घरात तयारी चाललेली, पापड-कुरडया घालून झालेल्या. आणि एका दुपारी मुलाच्या वडलांनी मुंबईला फोन लावला. लाइन जोडली ती हिनेच. तिकडच्या माणसाला त्यांनी सांगितलं की, वसईची मुलगी आम्ही नाही करत, दुसरी बघितली आहे, आठवड्याभरात कळवतो त्यांना. हिने ऐकलं. ऐकावंच लागलं, लाइन खरखरत होती. घरी गेली. बहीण हिला साडीचा काठ दाखवतेय, कुठला घेऊ म्हणून. हिने काठ निवडून दिला."

"सांगितलं नाही?" मी विचारलं.

"नाही. आठवड्याने पत्र आलं तेव्हा सगळ्यांबरोबर हिलाही कळलं. पुढे बहिणीला कुठून तरी समजलं की तो फोन हिच्या हातातून गेला होता. ती बोलायची बंद झाली हिच्याशी. फार वर्षं." सावेकाकांनी पावती घडी करून खिशात ठेवली. "आम्ही हिला म्हटलं, अगं, सख्खी बहीण. तर म्हणाली, त्या माणसाने माझ्याशी बोलायला फोन लावला नव्हता."

मी त्या दिवशी घरी जाताना सारखा त्या काठाचा विचार करत होते. मला ते बरोबर वाटलं की चूक, हे आजही सांगता येत नाही. मी असते तर पहिल्या क्षणी सांगून मोकळी झाले असते. पण त्यानंतर कुमुदताईंकडे पाहताना माझ्या मनात थोडी भीती आली. एवढं आत ठेवून एखादं माणूस रोज गजरा माळतं, सुकेळी वाटतं, सासूबाईंची नक्कल करतं, याचं मला राहून राहून नवल वाटायचं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कंपनीने नवीन जाहिरात काढली. अंबाडी रोडच्या तोंडाशी भला मोठा फलक लागला. एक हसरी मुलगी ओठांवर बोट ठेवून उभी, आणि खाली, "तुमचं गुपित, आमची जबाबदारी." त्याबरोबर एक सेवा निघाली, 'मनमोकळं' नावाची. आजारपणाबद्दल, शरीराबद्दल, जे कुणाला विचारता येत नाही ते मेसेज करून विचारायचं आणि डॉक्टरांचं उत्तर मेसेजने यायचं. नाव सांगायची गरज नाही. लोकांना ती सेवा फार आवडली. डॉक्टरकडे जायला लाजणाऱ्या बायका, तरुण मुलं, सगळ्यांनी घेतली. कुमुदताईंनाही आवडली होती. "कुणाला तरी विचारता येतंय," त्या म्हणाल्या, "हे चांगलंच आहे." कितीतरी बायकांना ती सेवा त्यांनीच सुरू करून दिली, अर्थात पाठ फिरवून.

मग एका दुपारी पाचूबंदरचे हरेश्वर तांडेल आले.

उंच माणूस, एके काळी चांगला दणकट असणार. आता शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. फोन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, बोटीवर नेतात तसा. ते कुमुदताईंच्या काउंटरसमोर बसले आणि श्वास जमेपर्यंत थांबले. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

"काल एका पोरीचा फोन आला," ते म्हणाले. "म्हनाली, काका, तुमच्या कॅन्सरसाठी आमच्या हास्पिटलात सवलत हाय. मी बोललो, राँग नंबर. ती बोलली, नाय काका, नंबर बरोबर हाय. आनि माजा नंबर वाचून दाखवला."

कुमुदताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मना अल्सर हाय. डाक्टर बोलतो अल्सर, पोरगी बोलते अल्सर. मंग त्या फोनवाल्या पोरीला कोनी सांगितलं?"

"फोन घरात आणखी कोण वापरतं?"

"मीच. आता झोपून असतो, म्हनून पोरगी वापरते. दर्शना. पोरगा बोटीवर जातो."

कुमुदताईंनी कॉम्प्युटरवर त्यांचा नंबर टाकला. पडद्यावर आलं की त्या नंबरावर 'मनमोकळं' सुरू आहे आणि बरेच प्रश्न विचारले गेले आहेत. प्रश्न काय आहेत ते आणखी एक कळ दाबली की दिसलं असतं. कुमुदताईंचा हात तिथे थांबला. मग त्यांनी पडदाच बंद केला.

तांडेल ते पाहत होते. "फोन माज्या नावावर हाय. बिल मी भरतो. ती काय इचारते ते मना दाखवा."

नियमाने ते बरोबर होते. ज्याच्या नावावर फोन, त्याला सगळं पाहता येत होतं. आमचे मॅनेजर मागून आले होते, त्यांनीही डोळ्यांनी खुणावलं, दाखवून टाका.

"नियमाने दाखवता येतं," कुमुदताई म्हणाल्या. "पण मी दाखवणार नाही. तिने ते तुम्हाला विचारलेलं नाही. घरात विचारता येईना म्हणून परक्याला विचारलंय. तुम्ही घरी जा आणि तिला सांगा की तुम्हाला कळलंय. मग ती तुम्हाला स्वतः सांगेल."

"म्हंजे खरं हाय."

आमच्या केंद्रात सारखं कुठलं तरी गाणं हळू आवाजात वाजत असे. त्या वेळी ते मला फार मोठ्याने ऐकू येऊ लागलं.

"मी डॉक्टर नाही," कुमुदताई म्हणाल्या. "काय झालंय ते मला ठाऊक नाही. पण काही नाही म्हणून तुम्हाला घरी पाठवलं तर ते खोटं होईल. तुमच्या मुलीने प्रश्न विचारले आहेत, आणि ते आमच्याकडून बाहेर गेले आहेत. हे खरं आहे."

तांडेलांनी फोन परत पिशवीत घातला, पिशवीला पीळ दिला. उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत. "मी जरा बसू हितं?" त्यांनी विचारलं. "लगेच घरी नाय जावत."

कुमुदताई काउंटरमागून बाहेर आल्या. त्यांचा दंड धरून त्यांना आतल्या काचेच्या खोलीत घेऊन गेल्या, जिथे आमच्या मीटिंगा होत. मी चहा नेऊन ठेवला आणि बाहेर आले. काचेतून दिसत होतं. तांडेल बोलत होते, मधूनच थांबत होते, हाताने काहीतरी दाखवत होते, लाट किंवा जाळं, कोण जाणे. कुमुदताई उजवीकडे मान कलवून ऐकत होत्या. चहा तसाच राहिला. शेवटी ते बाहेर आले तेव्हा तांडेलांचे डोळे लाल होते, पण पाऊल आले तेव्हापेक्षा घट्ट पडत होतं. कुमुदताई त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या. परत येऊन त्यांनी तोंड धुतलं आणि थेट मुख्य कचेरीला फोन लावला.

काही दिवसांनी तिथून निशांत नावाचे एक साहेब आले. तिशीच्या आतले, सभ्य, बोलणं गोड. लॅपटॉप उघडून त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रश्न कुणी माणूस वाचत नाही. मशीन फक्त शब्द ओळखतं. शब्दांवरून नंबरांचे गट पडतात. मधुमेहाचे वेगळे, बाळंतपणाचे वेगळे, कॅन्सरचे वेगळे. ते गट जाहिरातीसाठी भागीदार कंपन्यांना दिले जातात. त्याच पैशावर ही सेवा इतकी स्वस्त देता येते. "आणि ताई, आम्ही कुणाचंही नाव देत नाही. गुपित पूर्ण सांभाळलं जातं. फक्त नंबर देतो."

"नावाने हाक मारतात," कुमुदताई म्हणाल्या. "फोन नंबरावरच करतात ना?"

साहेब हसले. "फॉर्मच्या मागे हे सगळं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक सही करतं."

कुमुदताईंनी एक कोरा फॉर्म घेतला, उलटा केला आणि चष्मा लावून मजकूर शोधू लागल्या. शोधत राहिल्या. शेवटी साहेबांनीच वाकून बोट ठेवून ती ओळ दाखवली. कुमुदताईंनी ती वाचली, फॉर्म खाली ठेवला.

"मशीन वाचतं म्हणालात. एक्स्चेंजमध्ये आम्हीही मशीनच होतो, साहेब. एक नंबर घ्यायचा, दुसऱ्याला जोडायचा. ऐकलेलं विकता येतं, हे आम्हाला कधी सुचलं नाही."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. निशांत साहेबांच्या कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. ते म्हणाले, तांडेलांना आपण तीन महिने बोलणं फुकट देऊ, दिलगिरीचं पत्रही देऊ.

"द्या ना," कुमुदताई म्हणाल्या. "घरी जाऊन द्या. मी येते बरोबर."

मला वाटलं साहेब टाळतील. पण ते तयार झाले. कदाचित त्यांना वाटलं असेल, चार शब्द बोलून प्रकरण मिटेल. कुमुदताईंनी मलाही बरोबर घेतलं. रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो, मी मध्ये. किल्ल्याजवळून जाताना बंदराचा वास येऊ लागला तसा साहेबांनी रुमाल काढला, कुमुदताईंकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

तांडेलांच्या घरापुढे बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले होते. ओटीवर खाट, तिच्यावर तांडेल उशीला टेकून बसलेले. दर्शना आतून आली. विशी-बाविशीची मुलगी, हात ओले. तिने कुमुदताईंना ओळखलं नाही. मग त्या काहीतरी बोलल्या, तेव्हा तांडेल म्हणाले, "याच त्या बाई." दर्शना पुढे आली.

"तुमी दावलं नाय त्यांना," ती म्हणाली. "बाबा बोलले मना." तिने पदराने प्लॅस्टिकची खुर्ची पुसून साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी पत्र काढलं. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे, असं काहीसं ते वाचू लागले. तांडेलांनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"एक सांग मना. तुज्या कंपनीला आदी कळलं, मना मागून. माज्या अंगातलं. हे कसं?"

"काका, नाव आम्ही कुणालाच..." साहेब बोलले आणि थांबले. त्यांनी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या बोंबिलांकडे बघत होत्या. मदतीला कुणीच येईना, तेव्हा त्यांनी पत्राची घडी केली. "चुकलं," ते म्हणाले. "आमचं चुकलं, काका."

तांडेलांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. थोडा वेळ ते दम घेत राहिले. मग म्हणाले, "माज्या दर्शनासारकं किती जनांनी इचारलं असंल?"

"पुष्कळ."

"मंग त्यांच्या घरी पन जा."

परत आल्यावर स्टेशनला उतरताना निशांत साहेबांनी कुमुदताईंना वाकून नमस्कार केला, भर रस्त्यात. त्या गोंधळून म्हणाल्या, "अहो, अहो, हे काय."

ते घरोघरी गेले असतील असं मला वाटत नाही. वर काही भांडले असतील, नसतीलही. आम्हाला त्यांची बदली झाल्याचं कळलं, एवढंच. फलक आपल्या जागी होता. मुलगी बोट ओठांवर ठेवून हसत होती, आणि मुख्य कचेरीकडून आम्हाला दर आठवड्याला विचारणा होत होती, 'मनमोकळं' किती जणांना दिली.

कुमुदताईंनी आरडाओरडा केला नाही, राजीनामा दिला नाही, पेपरात गेल्या नाहीत. त्यांनी एवढंच केलं की 'मनमोकळं' मागायला आलेल्या प्रत्येकाला, सही करण्याआधी, त्या शांतपणे सांगू लागल्या, "घ्यायची तर घ्या. पण इथे विचाराल ते इथे राहणार नाही. तुमचा नंबर जाहिरातवाल्यांकडे जाईल. जवळच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत, त्यांना विचारता आलं तर बघा." बहुतेक लोक फॉर्म परत करायचे. ज्या बायकांना त्यांनी आधी ही सेवा दिली होती, त्या दिसल्या की हाक मारून बोलवायच्या आणि बंद करून द्यायच्या. चेहरे आठवत नसत, म्हणून त्या आवाजाची वाट पाहायच्या. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला कुणी बोललं की त्यांची मान वर व्हायची.

मॅनेजरनी समज दिली. त्या म्हणाल्या, "मी खोटं काही सांगत नाही. खोटं असेल तर थांबवा मला." मॅनेजर माणूस वाईट नव्हते. त्यांनी थांबवलं नाही, पण वरून पत्र आलं तेव्हा त्यांनाही इलाज राहिला नाही. कुमुदताईंना काउंटरवरून काढून आत बसवलं, जुने फॉर्म लावायला.

त्यानंतरच्या सोमवारी एक बाई माझ्यापुढे येऊन बसली. तिला 'मनमोकळं' हवी होती. मी फॉर्म काढला, पेन दिलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घ्यायची तर घ्या. पण इथे विचाराल ते इथे राहणार नाही." बोलून झाल्यावर मला धडकी भरली. पण मग शेजारच्या काउंटरवरही तेच ऐकू आलं. त्याच्या पलीकडेही. कुमुदताईंनी आम्हाला कुणालाही असं करायला सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांना ऐकू जात असणारच.

पुढे काही महिन्यांनी ती सेवा बंद झाली. कमी प्रतिसादामुळे, असं पत्रकात लिहिलं होतं. कुमुदताईंच्या करारावरही वर्ष भरल्यावर नवीन सही झाली नाही. शेवटच्या दिवशी आम्ही सामोसे आणले, त्यांनी सुकेळी आणली. कुणीतरी भाषण करा म्हणालं. त्या म्हणाल्या, "मला बोलायची सवय नाही," आणि आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. जाताना त्यांनी प्रत्येकाला नावाने हाक मारून निरोप घेतला. मी दारात उभी होते. बाहेरच्या उन्हात त्या पदर डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालत गेल्या.

हरेश्वर तांडेल त्यानंतरचा पावसाळा संपता संपता गेले. मला दर्शनाने फोन करून कळवलं, आणि कुमुदताईंचा पत्ता विचारला. मी तिला म्हटलं, मीच त्यांना घेऊन येते. दिवसकार्य आटोपल्यावर एका रविवारी आम्ही दोघी पाचूबंदरला गेलो. घरात पाहुणे होते, आम्ही ओटीवर बसलो. दर्शनाने चहा दिला. बाबा शेवटपर्यंत शुद्धीवर होते म्हणाली. सगळं बोलून झालं बापलेकीचं, औषधाचं, बोटीचं, तिच्या लग्नाचंही. मग ती कुमुदताईंसमोर खाली बसली.

"एक इचारू? त्या दिवशी तुमच्या हापिसात बाबा तुमच्याशी लय वेळ बोलले. काय बोलले, ते मना कधी सांगितलं नाय त्यांनी. मी इचारलं की हसायचे."

मी कुमुदताईंकडे पाहिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं मी समजत होते. त्या मुलीसाठी मला वाईट वाटलं.

कुमुदताईंनी कप खाली ठेवला. "ते तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे ठेवायला दिलं होतं त्यांनी. इथे नको, माणसं आहेत. चल."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दर्शनाने त्यांचा हात धरला आणि दोघी धक्क्याकडे गेल्या. मासळीचा लिलाव केव्हाच संपला होता, धक्का रिकामा होता. जाळी वाळत पडलेली आणि एक-दोन कुत्री. मी ओटीवरून पाहत होते. टोकाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. कुमुदताई बोलू लागल्या. वाऱ्याने आवाज पलीकडे जात होता, माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. त्या हाताने लाट दाखवत होत्या, की जाळं. दर्शनाने तोंडावर पदर घेतला. मग ती एकदम हसली, डोळे पुसले आणि परत हसली. कुमुदताई थांबल्या नाहीत. इतकं सलग बोलताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

मला परत जायला उशीर होत होता, घरी मुलं वाट पाहत होती. भरती लागली, कडेला कललेल्या बोटी हळूहळू सरळ होऊ लागल्या. मी लांबूनच हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. मी निघाले तेव्हाही त्या बोलतच होत्या.